मावशीची पाठ

सिनेमा शिकायला गेल्यापासून घरात तिला दिग्दर्शकबाई म्हणत. म्हणणारे थट्टेने म्हणत, ती मात्र खुशाल ओ द्यायची. शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी तिने विषय घेतला, पडद्यावर बाई कशी दाखवतात. तेव्हापासून घरात सुखाने सिनेमा बघायची सोय राहिली नाही. नायिका नाचायला लागली की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. कंबर दाखवली, पाय दाखवले, बाईला तोंड म्हणून काही आहे की नाही? बोलायची ते खरंच होतं, पण जेवतानाही तेच ऐकायचं म्हणजे जरा अतीच.

शेवटी आईनेच मावशीचं नाव सुचवलं. मावशीने उमेदीची वर्षं सिनेमात डबल म्हणून काढली होती. नायिकेला गार पाण्यात उतरायचं नसलं की मावशी उतरायची. घोड्यावर पाठमोरी मावशी, भाजी चिरणारे हातही मावशीचे. टीव्हीवर जुना सिनेमा लागला की ती हळूच सांगायची, "ती पाठ माझी." सगळे हसायचे, तीही हसायची.

भाचीने फिल्मचं विचारलं तेव्हा मावशीने आईदेखत एवढंच विचारलं, "माझं तोंड येईल ना गं त्यात?"

"अगं, तुझ्यावरच तर आहे फिल्म," दिग्दर्शकबाई म्हणाली.

शूटिंगमध्ये तोंड आलंही. मावशी खिडकीशी बसून मोकळेपणाने बोलली, घोड्यावरून पडल्याची गोष्ट सांगताना स्वतःच खो खो हसली. पण एडिटिंगला बसल्यावर बाईसाहेबांना साक्षात्कार झाला. चेहरा मुळी दाखवायचाच नाही. मावशीचा आवाज ऐकू येईल, पडद्यावर फक्त पाठ. जिचा चेहरा आयुष्यभर पुसला गेला तिची फिल्म अशीच हवी. एडिटिंग करणारा वर्गमित्र चाचरत म्हणाला, एकदा मावशींना विचारून घे. तर कलेत विधान म्हणजे काय असतं, हे तिने त्यालाच ऐकवलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

फिल्म दाखवली त्या दिवशी मावशी केस रंगवून, ठेवणीतली साडी नेसून, शेजारणीला घेऊन आली. आईही होती. तिघी पुढे बसल्या, भाची त्यांच्या मागे. पडद्यावरची पाठ जरा हलली की मावशी खुर्चीत पुढे सरकायची. आता वळेल, मग वळेल.

"अहो, तुम्ही कधी येणार?" शेजारीण कुजबुजली.

"येईन की. अजून संपलाय कुठे पिक्चर?"

आणि पिक्चर संपला. टाळ्या पडल्या. मागे भाचीचे कान तापले होते. तिला लाज वाटत होती, आणि ती साधीसुधी लाज नव्हती. ज्या सिनेमावाल्यांना ती इतके दिवस नावं ठेवत होती, त्यांनी निदान मावशीला शब्द तरी दिला नव्हता.

तेवढ्यात तिला मंचावर बोलावलं. सरांनी तोंड भरून कौतुक केलं. पाहुण्या म्हणून आलेल्या अभिनेत्रीने विचारलं, "बाईंचा चेहरा एकदाही दिसत नाही. त्यांनाच तो दाखवायचा नव्हता का?"

उत्तर पाठ होतं, पण ती माइक या हातातून त्या हातात करत राहिली. सभागृह वाट बघत होतं. सर घड्याळ बघू लागले. मग पुढच्या रांगेतून मावशी उठली.

"मीच नको म्हटलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सवय नाही ना मला. पोरगी बिचारी दाखव म्हणत होती."

केवढ्या टाळ्या. लोक माना वळवून मावशीकडे बघत होते, अभिनेत्रीने तिला हात जोडले. भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माइक हातात होता. हे खरं नाही, एवढं म्हणायचं होतं. तिने माइक तोंडाशी नेला आणि म्हणाली, "धन्यवाद."

मावशी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. आई नुसती लेकीकडे बघत होती.