जावईबापूंचा मायक्रोस्कोप

वॉकर मोडला आणि आई पडली. हाड वाचलं, पण धीर गेला. "माझ्या पायांतच आता काही उरलं नाही," म्हणत तिने अंथरूण धरलं. नवा वॉकर खोक्यातच पडून. ती अशीच झोपून राहिली तर, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता.

आमचे हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. म्हणाले, "दोष वॉकरचाच असेल. शोधून दाखवतो." त्यासाठी फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप हवा, म्हणजे जांभळ्या उजेडात चमकणारं बारीकसारीक मोठं करून दाखवणारा, आणि कॉलेजातला महागडा यांच्या हाती कोण देणार? मग घरातच पसारा मांडला. माझ्या चपलांचा खोका गेला, नोटा तपासायचा जांभळा दिवा आला, जुन्या कॅमेऱ्याचं भिंग आलं, आणि जांभळा उजेड अडवायला लिमलेटच्या गोळ्यांचा पारदर्शक पिवळा कागद. योग्य पिवळा सापडेपर्यंत अर्धा डबा गोळ्या यांनी एकट्यांनी हाणल्या. संशोधन म्हणे!

युक्ती साधी होती. मोडक्या वॉकरचे न तुटलेले प्लास्टिकचे सांधे घ्यायचे, त्यांवर हायलायटरची शाई चोळायची आणि पुसायची. भेग असेल तर शाई आत राहते आणि चमकते.

पहिल्या दिवशी सगळंच चमकलं. सांधे चमकले, चमचा चमकला, कोरी काचसुद्धा. "बघा, सगळं जगच मोडकळीला आलंय," आई पलंगावरून म्हणाली.

यांनी माझं पुसायचं फडकं दिव्याखाली धरलं, तर ते ट्यूबलाइटसारखं पेटलं! पांढरंशुभ्र करणाऱ्या पावडरीत मी ते धुतलेलं, आणि त्याचे तंतू जिथे तिथे चिकटलेले. "तुझी स्वच्छता नडली," हे दात काढत म्हणाले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग सगळं धुऊन, पुन्हा शाई चोळून, कागदाने पुसून पाहिलं. काळोखात बारीक हिरवी रेघ. पुढच्या सांध्यावरही तीच, प्रत्येक स्क्रूभोवती.

"स्क्रू नको तितके आवळलेत," हे ऐटीत म्हणाले. "कुठल्या गाढवाने जोडला हा वॉकर?"

मी यांच्याकडे बघितलं. आईनेही. "आईंसाठी आहे, ढिला राहायला नको," म्हणत, पाना घेऊन, पार घाम गाळून तो कोणी जोडला होता, ते यांना हळूहळू आठवलं. तोंड बघण्यासारखं झालं.

"आई, चुकलं हो माझं."

"म्हणजे माझे पाय धड आहेत?"

"अगदी धडधाकट."

आईने पांघरूण बाजूला सारलं. "आणा तो नवा वॉकर. स्क्रू माझी लेक लावेल. जावईबापू, तुम्ही गोळ्या खा."

मी बेताने स्क्रू लावले. आई उठली, सावकाश टेबलापर्यंत चालत आली आणि भिंगाला डोळा लावून म्हणाली, "बघू दे, एवढे दिवस मी कशामुळे म्हातारी झाले होते ते."