दुधातली हिरवी गोळी

सुवर्णा पाठमोरी होती. वाटीत हिरवी गोळी कुस्करून तिनं ती दुधात ढवळली आणि पेला सासूसमोर ठेवला. धुरपदाबाईंनी तो तोंडाला लावल्यासारखं केलं आणि सून वळताच मोरीत ओतला. उरलेल्या गोळ्या कुठल्या डब्यात आहेत हे त्यांनी पाहून ठेवलं होतं.

उधन्याच्या रंगाई मिलमध्ये कापडाचे ओले तागे वाहून त्यांची कंबर कायमची धरली होती. एक्स-रे मात्र स्वच्छ. मुलगा योगेश म्हणायचा, आईला काम टाळायचं असतं. पण काही दिवसांपासून, सून रोज दूध देऊ लागल्यापासून, कंबर हलकी वाटत होती, दोन पोळ्या जास्त जात होत्या, परवा तर बातम्या ऐकून हसू आलं होतं. दुखणं असं आपोआप जातं का? नवागामची राहती खोली धुरपदाबाईंच्या नावावर होती. सून आपल्याला गुंगीत ठेवून कागदावर अंगठा उठवून घेणार, असं त्यांच्या मनानं घेतलं.

सकाळी एक गोळी पदरात बांधून त्या भेस्तानच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी ती हुंगली आणि गुजरातीत म्हणाले, ही भांग आहे. माणसाचं शरीरही भांगेसारखं द्रव्य स्वतः तयार करतं, असं परदेशात आढळलंय. दुखणं दाबायला त्याची मदत होत असावी. तुमच्यात ते कमी पडतं की काय, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण या वयात चक्कर येऊन पडाल, गोळी बंद करा.

घरी आल्यावर त्यांनी गोळी सुनेपुढे ठेवली. सुवर्णाचा चेहरा उतरला. देवळाजवळच्या बाबाकडून आणल्याचं तिनं कबूल केलं. तिच्या वडिलांनाही त्या गोळीनं आराम पडायचा.

"माले इचारं का नही?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"तुम्ही नही म्हणशाल म्हणीसन. सगळा म्हणतस, आत्याबाई सोंग करतस. माले माहीत व्हतं, सोंग नही."

धुरपदाबाईंनी डब्यातल्या गोळ्या स्वतःच मोरीत टाकल्या.

चार दिवसांत कळ परतली. भिंतीकडे तोंड करून त्या पडल्या होत्या. सुवर्णा तेलाची वाटी घेऊन मागे येऊन बसली आणि तिनं बिचकत कंबरेवर हात ठेवला. आजवर धुरपदाबाईंनी कोणाला तिथं हात लावू दिला नव्हता.

"जराक खाले," त्या म्हणाल्या. हात खाली सरकून दुखऱ्या जागी थांबला. "हां. आठेच."