इंजिनखोलीतल्या भुताचा फोटो

चांगला फोटो दिसला की लोक विचारतात, "कॅमेरा कुठला?" तो कॅमेरा ज्या पिशवीत बसून डोंगरावर गेला, तिची चौकशी आजवर कुणीही केलेली नाही. म्हणून आज मीच तोंड उघडते. एरवी माझं तोंड उघडायला चेन ओढावी लागते, आणि ती मेली आता अर्ध्यावर अडते.

मी कॅमेऱ्याची पिशवी. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, फेअरली गावातल्या एका स्वयंपाकघरात चाळीस वर्षांपूर्वी माझा जन्म झाला. ग्लेनिस नावाच्या शाळामास्तरणीनं मला घरच्या मशीनवर शिवलं. वरून जुन्या तंबूचं जाड कापड, आतून विरलेल्या लोकरी पांघरुणाचं अस्तर. तिच्या आईनं विचारलं, "हे काय शिवते आहेस गं? बाळंतविडा?" ग्लेनिस म्हणाली, "कॅमेऱ्याचा अंगरखा. तो थंडीत कुडकुडतो." आईनं उरलेल्या पांघरुणाची एक पट्टी आणून टेबलावर ठेवली. तीही माझ्यात आहे, तळाशी.

त्याच हिवाळ्यात मी पहिल्यांदा क्लबवर गेले. आमचा क्लब म्हणजे एका डोंगराच्या कुशीत सभासदांनी स्वतः बांधलेली लाकडी बराक, आणि वर जायला एक दोर. पाळणे नाहीत, खुर्च्या नाहीत. खालच्या इंजिनखोलीतून निघालेला दोर सुसाट वर पळत असतो. कमरेच्या पट्ट्याला एक लोखंडी चिमटा असतो, त्याला इथं अडकित्ताच म्हणतात. पळता दोर त्या अडकित्त्यात पकडायचा, की तो तुम्हाला स्कीसकट ओढत शिखराजवळ नेऊन सोडतो. जरा काही लोंबकळलं, मफलर म्हणा, हातमोजा म्हणा, की दोर ज्यांवरून पळतो त्या चाकांनी ते खाल्लंच समजा. माझा डावा पट्टा दुसऱ्याच वर्षी असा चावून निघाला. तेव्हापासून ग्लेनिस मला पाठीवर घेत नाही. छातीशी बांधते आणि वरून कोट चढवते. बाई स्कीवरून पडली तर पाठीवरच पडते, असा तिचा तीस-चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

छातीशी असल्यामुळे मला सगळं कळतं. ती घाबरली की मला कळतं, आणि बर्फ चांगला असला की तिच्या काळजाची उडी तर सगळ्यात आधी मलाच कळते.

आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे हिवाळा. दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी क्लबचा फोटो निघतो. शिखराजवळ एक मोठा खडक आहे. सगळे सभासद त्यावर आणि त्याच्याभोवती उभे राहतात, आणि ग्लेनिस ओरडते, "गॉगल वर करा रे, मला चेहरे हवेत, बेडूक नकोत." मग ती मला उघडते. थंडीत फिल्म कडक होते, झटका दिला तर तुटते, म्हणून ती फिल्म अगदी हळू पुढे सरकवते. लेन्सवर श्वास पडू नये म्हणून श्वास रोखते. असे चाळीस फोटो बराकीतल्या जेवणाच्या खोलीत ओळीनं टांगलेले आहेत. बाळं त्यात मोठी झाली, केस पांढरे झाले, एकदोन नवरे बदलले.

एक माणूस मात्र त्या चाळीस फोटोंत एकदाही नाही. डुगल.

डुगल दोराचं इंजिन चालवायचा. लोक खडकावर पोचायचे ते त्याच्यामुळे, आणि त्यांना वर पोचवायचं म्हणजे त्याला खाली थांबावं लागायचं. दोर चालू असताना एक हात कायम थांबवायच्या दांड्यावर हवा, हा त्याचा नियम. दांडा दुसऱ्या कुणाच्या हाती तो द्यायचा नाही. बाहेर बोलावलं तर म्हणायचा, "दोर सोडून कुठे येऊ?" दोर बंद झाल्यावर बोलावलं तर टोपी नाकापर्यंत ओढायचा आणि भांडी घासायच्या पाळीवर निघून जायचा, पाळी त्याची नसली तरी. बारा वर्षांपूर्वी मात्र एकदा तो म्हणाला, "काढायचाच तर कामावर असताना काढ. नुसता उभा राहून मी काय करू?"

तेव्हापासून ग्लेनिस दरवर्षी खडकावरचा फोटो झाला की खाली घसरत यायची, इंजिनखोलीत शिरायची आणि कॅमेरा बाहेर काढायची. आणि दरवर्षी तेच व्हायचं. खोलीत इंजिनाची धग, वर किटलीची वाफ. डोंगरावर गारठलेला कॅमेरा त्या उबेत आला की काचेवर दव धरायचं. फोटोत डुगलच्या जागी एक पांढरा गोळा. क्लबात त्याला सगळे इंजिनखोलीतलं भूत म्हणायचे. भुताचे असे अकरा फोटो माझ्या मागच्या कप्प्यात आहेत.

आता यावरचा उपाय ग्लेनिसला माहीत नव्हता का? चांगला माहीत होता. नवख्यांना तीच शिकवायची. बाहेर थंडीतच कॅमेरा पावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, मग ते बोचकं माझ्या पोटात, मग आत यायचं, आणि तासभर मला उघडायचं नाही. कॅमेरा सावकाश ऊबदार झाला की दव धरत नाही. पण तासभर! वर बर्फ, आकाश निळं, दोर चालू, आणि ही बाई खोलीत तासभर बसणार? ती म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." डुगल म्हणायचा, "मी कुठे पळून चाललोय."

गेल्या वर्षी मात्र तो निघाला. ऐंशी पुरी झाली, गुडघे बोलायला लागले, तेव्हा मुलीनं त्याला वर उत्तरेकडे आपल्याकडे यायचं फर्मान काढलं. तिच्या गावात बर्फ पडत नाही, लिंबं पिकतात. जूनमध्येच त्यानं सांगून टाकलं, हा शेवटचा हिवाळा. त्या संध्याकाळी ग्लेनिसनं मागच्या कप्प्यातली अकरा भुतं काढून एकेक बघितली आणि परत ठेवली. ऑगस्ट हुकला तर बारावं भूतसुद्धा मिळणार नव्हतं.

आणि ऑगस्टच्या त्या रविवारी नेमकं पीठ पडलं.

पीठ म्हणजे ताजा, कोरडा, पिठासारखा भुसभुशीत बर्फ. आमच्याकडे तो वर्षातून चारदा पडला तर नशीब. पिठाच्या दिवशी कुणी कुणासाठी थांबत नाही, हा अलिखित नियम आहे. नवरा बायकोसाठी थांबत नाही, आणि बायकोलाही त्याचं वाईट वाटत नाही. त्या दिवशी तर मांडीपर्यंत पीठ होतं, आणि वर एक ढग नव्हता. खडकावरचा फोटो ग्लेनिसनं पाच मिनिटांत उरकला, कारण लोक उभेच राहीनात. सगळे भुर्रकन् उधळले. मीही तिच्या छातीशी बांधलेली, तिच्या काळजाच्या उड्या मोजत होते.

मग तिनं पावाची पिशवी काढली. तिथं वरच, वाऱ्यात, कॅमेरा आत घातला, तोंडाला गाठ मारली, वर दुसरी गाठ मारली.

क्लबची अध्यक्ष हुइया, चाळिशीची, आवाजानं दरी भरून टाकणारी, शेजारीच उभी होती. म्हणाली, "आंटी, हे काय करताय? चला की. असं पीठ पाच वर्षांत पडलं नव्हतं."

"तू जा. मी इंजिनखोलीत बसणार आहे."

"किती वेळ?"

"एक तास."

हुइयानं आधी तिच्याकडे बघितलं, मग खालच्या कोऱ्या उताराकडे, मग परत तिच्याकडे. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"तास उलटला की ये बघायला," ग्लेनिस म्हणाली आणि खाली निघाली.

डुगलनं खिडकीतून तिला येताना पाहिलं असावं, कारण किटली आधीच चढवलेली होती. ग्लेनिस रिकाम्या पिंपावर बसली. मला मांडीवर घेतलं आणि माझ्या चेनवर तळवा ठेवला.

"उघड की," डुगल म्हणाला.

"नाही."

"बाहेर पीठ पडलंय, माहितीये ना तुला?"

"त्यातूनच आले."

"मग वेडी आहेस."

"चहा दे," ग्लेनिस म्हणाली.

त्यानं चहा दिला, एका हातानं, कारण दुसरा दांड्यावर. आल्याची वडी दिली. खिडकीबाहेर लोक पिठात मांड्यांपर्यंत बुडत, किंचाळत घसरत होते. ग्लेनिसनं एकदाही मान वळवून बघितलं नाही, म्हणजे पहिली दहा मिनिटं. नंतर मात्र तिनं खुर्चीच फिरवली असती, पण बसायला होतं पिंप. मला तिचा गुडघा हलताना कळत होता.

अर्धा तास झाला. डुगल म्हणाला, "जेवणाच्या खोलीतले ते चाळीसच्या चाळीस फोटो मला पाठ आहेत. सूप निवेपर्यंत तेच बघत बसतो मी. एकाही फोटोत तू नाहीस."

"मी कशी असेन? मी काढते ना ते."

"मीही गेली चाळीस वर्षं हेच सांगतोय. मी दोर चालवतो ना, मी कसा असेन?"

माझ्यावरचा ग्लेनिसचा तळवा जरा जड झाला. मलाही, खरं सांगते, तोवर हे सुचलं नव्हतं. इतकी वर्षं मी तिच्या छातीशी, आणि तिचा स्वतःचा एकही फोटो माझ्या पोटातून बाहेर पडला नव्हता.

"त्या डबड्यात आपोआप फोटो निघायची सोय आहे का?" डुगलनं विचारलं.

"आहे. दहा सेकंदांची. कधी वापरली नाही."

"मग मी एकटा बसणार नाही. तूही बस. नाहीतर जा बाई, पीठ संपतंय."

तास भरला. तिनं चेन ओढली, दोन्ही गाठी सोडल्या. काच बाहेर आली ती स्वच्छ, कोरडी. ग्लेनिसनं ती खिडकीकडे धरून बघितली आणि एक मोठा श्वास सोडला, लेन्सपासून तोंड फिरवून. मग मला समोरच्या कपाटावर नीट थापटून बसवलं आणि कॅमेरा माझ्या पाठीवर ठेवला. मी अंग कडक केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कॅमेऱ्याला वाहत नव्हते, धरून बसले होते. इंजिन थरथरत होतं, पण माझ्या लोकरी अस्तरानं ती थरथर गिळून टाकली. तिच्या आईची ती पट्टी खाली होती ना.

ग्लेनिसनं बटण दाबलं आणि धावत जाऊन डुगलशेजारी बसली. त्याचा हात दांड्यावर. टोपी त्यानं स्वतःहून काढली. डोक्यावर चार केस होते, ते त्यानं थुंकी लावून बसवले. सात, सहा, पाच. दोघं इतके ताठ बसले होते की शाळेतल्या पोरांसारखे दिसत होते. तीन. तेवढ्यात दार उघडून हुइया आत डोकावली, भुवयांपर्यंत बर्फ माखलेली. त्या दोघांना असं चिकटून बसलेलं पाहून म्हणाली, "अय्या, लग्न कधी ठरलं?"

आणि खटका पडला.

फोटो धुऊन यायला महिना लागला. हंगामाच्या शेवटच्या जेवणाला ग्लेनिस पाकीट घेऊन आली. डुगल दुसऱ्या दिवशी निघणार होता. दोघांनी कोपऱ्यातल्या टेबलावर पाकीट उघडलं, मी बाजूलाच होते. चित्र लख्ख होतं. डुगलच्या गालावरचा तेलाचा डागसुद्धा मोजून घ्यावा असा. दोघांची तोंडं हसून आ वासलेली. आणि दोघांचेही डोळे घट्ट मिटलेले.

ग्लेनिसचा चेहरा पडला. "एक तास बसले मी," ती म्हणाली, "आणि डोळे मिटलेत मेले." तिचा हात माझ्या चेनीकडे आला. "थांब, आत्ता काढते. इथं उजेड आहे. टोपी काढ."

डुगलनं आपला हात माझ्यावर ठेवला, अगदी चेनीवर. जाड, तेलकट, खरखरीत हात.

"राहू दे," तो म्हणाला. "अकरा वर्षं भूत होतो, आता निदान झोपलेला माणूस झालो."

"चेष्टा नको. तू उद्या जाणार."

"म्हणूनच म्हणतो. पीठ पडलेलं असताना तू माझ्याशेजारी एक तास बसलीस, गं. ते यात दिसतंय. डोळे घरी गेल्यावर उघडीन."

ग्लेनिस रडली, आणि रडता रडता हसली, आणि मग भांडी घासायला गेली, पाळी तिची नव्हती तरी. डुगल तिच्या मागोमाग पुसायला गेला.

तो फोटो आता जेवणाच्या खोलीत आहे. नवे सभासद सूप निवेपर्यंत तोच बघतात आणि विचारतात, "हे दोघं झोपलेत की हसतायत?" मी तिथंच दाराजवळच्या खुंटीला असते. क्लबनं ग्लेनिसला सत्तरीची भेट म्हणून बारा कप्प्यांची नवी पिशवी दिली. ती त्यात स्की ओल्या झाल्या की पुसायची फडकी ठेवते. कॅमेरा अजून माझ्याकडेच आहे.

यंदा इंजिन हुइया चालवते. तिलाही कुणाच्या हाती दांडा द्यायला आवडत नाही, ते तिनं कुठून उचललं ते सांगायला नको. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ग्लेनिस खडकावरून खाली आली, पिंपावर बसली, आणि मला मांडीवर घेतलं.

हुइया म्हणाली, "आंटी, वर जा की. माझा फोटो काय, कधीही काढता येईल."

ग्लेनिसनं माझ्या चेनीवर तळवा ठेवला. "चहा कर," ती म्हणाली.