वेगवान झालेल्या पॉन्टून होडीची कबुली

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मडहेन तळ्यावरची एक जुनी पॉन्टून होडी आहे. जो माणूस माझ्यावर सर्वांत जास्त जीव टाकत असे, त्यालाच मी चिरले. ही गोष्ट ऐकायला गोड नाही, पण माझ्याकडे दुसरी नाही.

माझी घडण अगदी साधी. खाली अ‍ॅल्युमिनियमचे दोन लांब, पोकळ, हवाबंद नळे. त्यांवर सपाट ओटा, भोवती कठडा आणि बसायला मऊ बाकडी. मागे साठ अश्वशक्तीचे इंजिन. मी पाणी ढकलत, डुलत डुलत जात असे. माझा मालक वेंडेल टॉर्गरसन पेशाने वेल्डर, बोलायला कमी आणि डोक्याने तापट. त्याची बायको आर्लिस माझ्या ओट्यावर वॉलाय मासे तळायची आणि वेंडेलचा धाकटा भाऊ लायल ते ताटात पडायच्या आधीच निम्मे संपवायचा. चाळिशी उलटली तरी त्याचा पोरकटपणा गेला नव्हता. दर रविवारी मला साबणाने धुणारा तोच. असे अकरा उन्हाळे मी सुखात काढले.

समोरच्या काठावर डुएन कुक्कोनेन राहत असे. त्याची होडी लाल, निमुळती आणि भन्नाट वेगाची. चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आमच्या तळ्यावर सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते, सगळ्या संथ, एकीमागून एक. त्या वर्षी डुएनने भर मिरवणुकीत माझ्याभोवती गरकन फेरी मारली. त्याची लाट माझ्या ओट्यावर येऊन आदळली. आर्लिस कठड्यावर तोंडघशी आपटली आणि तिचे पुढचे दोन दात तुटले.

"काय रे वेंडेल, तुझा सोफा बुडतोय की काय?" डुएन ओरडला. आर्लिसचे रक्त त्याला दिसले नव्हते.

धक्क्याला लागताच वेंडेलने त्याच्या जबड्यावर ठोसा हाणला. पण डुएन अंगाने दुप्पट. त्याने वेंडेलला आडवा पाडला, छातीवर गुडघा रोवला आणि नाकाचे हाड मोडेपर्यंत मारले. सगळे तळे बघत होते. खरे सांगते, त्या दिवशी मलाही सूड हवा होता.

तळे गोठल्यावर वेंडेलने मला शेडमध्ये ओढून नेले. "पुढच्या चार जुलैला त्याला पाणी पाजतो की नाही बघ," तो म्हणाला. मग माझी चिरफाड सुरू झाली. ओट्याखाली मधोमध त्याने तिसरा नळा जोडला. तिन्ही नळ्यांच्या बाजूंना पट्ट्या वेल्ड केल्या, म्हणजे वेग येताच मी पाणी ढकलत बसण्याऐवजी त्याच्या पाठीवर चढेन. लाटांनी अडवू नये म्हणून पोटाला सपाट पत्रा ठोकला. ठिणग्या उडत, घण पडत, आणि मी ओठ आवळून सोसत असे. सुकाणूजवळ कारखान्याने लावलेली एक पाटी होती. नव्वद अश्वशक्तीच्या वर इंजिन लावू नये, असे तिच्यावर कोरलेले होते. वेंडेलने ती उचकटून कोपऱ्यात भिरकावली आणि मागे दोनशेचे इंजिन चढवले.

"अरे, दात माझे गेले," आर्लिस दारातून म्हणाली. "मी विसरले, मग तुझंच डोकं का फिरलंय?"

"तू विसरलीस ना? मी नाही विसरलो."

मे महिन्यात बर्फ वितळला आणि आम्ही पाण्यात उतरलो. इंजिनाच्या वजनाने माझी शेपटी खाली बसली, नाक आभाळात गेले. कितीही रेटले तरी मी पाण्यावर चढेना. पेट्रोलची टाकी आणि बॅटऱ्या उचलून पुढे बसवणे हा त्यावरचा खरा उपाय. दोन दिवसांचे काम होते. पण लायल कठड्याचे पुढचे फाटक उघडून नाकाच्या टोकाला जाऊन बसला, पाय खाली सोडून. "घे, झालं तुझं वजन! आता दाब!"

वेंडेलने दाबले. माझे नाक खाली आले, शेपटी सुटली आणि मी एकदम पाण्यावर चढले! बाण सुटावा तशी गेले. मित्रांनो, तो आनंद मी कसा सांगू? अकरा वर्षे मला कुणी वेगवान म्हटले नव्हते. लायल हात पसरून आरोळ्या ठोकत होता.

"टाकी पुढे घ्यायला हवी," वेंडेल म्हणाला.

"कशाला? मी आहे ना," लायल म्हणाला. "टाकीला बिअर पाजावी लागत नाही एवढाच फरक."

सगळे हसले आणि टाकी जागची हलली नाही.

चार जुलै आला. मिरवणूक संपताच वेंडेलने डुएनला हात करून डिवचले. लायल नाकावर बसला. आर्लिस आमच्याबरोबर आली ती केवळ त्याच्या काळजीने. "लायल, आत ये रे," ती सारखी म्हणत होती. इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतो?

आम्ही लाल होडीला गाठले. मग मागे टाकले. काठावरून टाळ्या पडत होत्या, आणि त्या माझ्यासाठी होत्या. डुएनला ते सहन झाले नाही. त्याने वेग वाढवला आणि आमच्या तोंडावरून आडवा कापत गेला. वेंडेल घाबरला. त्याने वेगाचा दांडा एका झटक्यात मागे ओढला.

मी पाण्यावरून कोसळले. माझे नाक सरळ डुएनच्या लाटेत घुसले. लायलचे लोंबते पाय पाण्याने धरले आणि त्याला खाली ओढले. तो माझ्या तीनपैकी दोन नळ्यांच्या मधून, त्या नव्या पत्र्यावर डोके आपटत, मागे गेला. इंजिनाखालच्या पंख्याची पाती अजून थांबली नव्हती. तो धक्का मला बसला, मित्रांनो. तो मी आजही विसरलेले नाही.

पाणी लाल झाले. वेंडेल सुकाणू धरून दगडासारखा उभा होता. उडी मारली ती डुएनने. त्याने लायलला माझ्या शिडीशी धरले आणि रक्त थांबावे म्हणून होडी खेचायच्या दोरीने त्याची मांडी आवळायला घेतली. तेवढ्यात वेंडेल भानावर आला आणि वल्हे उचलून डुएनच्या डोक्यात घालू लागला. एक, दोन, तीन. डुएनचा कान फाटला, डोळ्यांत रक्त ओघळले, पण त्याने हात वर केला नाही.

"अरे नालायका, तो गाठ मारतोय!" आर्लिसने वेंडेलच्या अंगावर झेप घेतली. "त्याने दोरी सोडली तर लायल मेला!"

डुएनने सोडली नाही. लायल जगला. उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

ऑगस्टमध्ये वेंडेल घण घेऊन माझ्यावर तुटून पडला. त्याने माझे नळे ठेचले, कठडा वाकवला, शिव्या घातल्या. लायल कुबड्या टेकत आला आणि म्हणाला, "पुरे कर. तिला काय मारतोस? तिथे मी बसलो होतो, आणि तू बसू दिलंस." वेंडेलच्या हातून घण पडला. तो माझ्या नळ्यावर डोके टेकून मोठमोठ्याने रडला.

तेव्हापासून मी काठावरच्या गवतात आहे. मला आता कुणी धुवत नाही आणि मी वाट पाहणेही सोडले आहे. मित्रांनो, वेगाची हौस वाईट नाही. ती मलाही होती. फक्त वजन कमी पडले तर टाकी सरकवा. त्या जागी आपला माणूस बसवू नका, मग तो हसत हसत बसायला तयार असला तरी.