कुपी क्रमांक एकशे बारा ‘अ’

मी बोलतेय ती एक प्लॅस्टिकची कुपी, करंगळीच्या पेराएवढी. आम्ही अशा पाचशे जणी एकाच पिशवीतून या लॅबमध्ये आलो. कोण कुणाच्या वाट्याला येणार हे आधी ठाऊक नसतं. माझ्या वाट्याला ठकी आली.

ठकी चार वर्षांची. अंगात ताप, आणि श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जायची. छातीच्या फोटोत न्यूमोनिया दिसला. पण तो जिवाणूंचा की विषाणूंचा, हे फोटो सांगत नाही. डॉक्टरीणबाईंनी जिवाणूंवरचं औषध सुरू केलं आणि थोडं रक्त मागितलं.

“म्हणजे कशामुळे झालंय ते माहीत नाही आणि औषध चालू?” ठकीच्या वडिलांनी विचारलं.

“थांबून चालणार नाही म्हणून. जिवाणूंशी लढायला रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती मोजायची आहेत. आज एकदा, तीन आठवड्यांनी पुन्हा. खूप वाढलेली दिसली तर जिवाणू.”

“तीन आठवड्यांनी कळून हिला काय उपयोग?”

“हिला नाही,” बाई म्हणाल्या. “पहिल्याच दिवसाच्या रक्तात काही खूण मिळते का, ते शोधतोय. पुढच्या मुलांसाठी.”

वडिलांनी संमतीचा कागद वाचून काढला. मग त्यांनी सही केली.

लॅबमधल्या ताईने रक्त यंत्रात गरगर फिरवलं, वर आलेलं पिवळसर पाणी माझ्यात भरलं आणि मला गोठवणपेटीत ठेवलं. दार उघडलं की चार शब्द कानावर पडत. ठकीचा ताप उतरल्याचं असंच कळलं. ती घरी गेल्याचंही.

तीन आठवड्यांनी ताई बाईंना सांगत होती, “फोन केला होता. वडील म्हणतात, बऱ्या झालेल्या पोरीला पुन्हा कशाला टोचायचं? मी जास्त बोलले नाही.”

पुढचं मला ‘एकशे बारा ब’ने, म्हणजे ठकीच्या दुसऱ्या रक्ताच्या कुपीने, सांगितलं. दोन दिवसांनी वडील ठकीला कडेवर घेऊन आले.

“माझ्या बहिणीचा मुलगा काल ॲडमिट झाला,” ते म्हणाले. “तिथेही तेच. कशामुळे ते सांगता येत नाही म्हणाले. घ्या रक्त.”

“मागचं संपलं?” ठकीने ताईला विचारलं.

“आहे अजून. त्याला जोडी हवीय.”

“मग थोडंच घे.”

आम्हा दोघींना एकाच दिवशी तपासलं. ‘ब’मध्ये प्रतिपिंडं माझ्या सहापट निघाली. म्हणजे जिवाणूच, औषध बरोबर होतं. माझ्यातही, पहिल्याच दिवशी, एका प्रकारची प्रतिपिंडं नेहमीपेक्षा जराशी जास्त होती.

“ही खूण म्हणायची का?” ताईने विचारलं.

“एकीवरून नाही म्हणता येत. धडधाकट मुलांतही एवढं सापडतं. अजून जोड्या हव्यात.”

आता माझ्यात दोन थेंब उरलेत. माझ्या रांगेत वीस जणी आहेत. अकरा जणींना जोडी मिळाली नाही. त्यातल्या दोघींना ती कधीच मिळणार नाही. बाकीच्यांची मुलं कुठेतरी खेळत असतील, आणि खेळत्या मुलाला सुईपाशी आणणं जिवावर येतं, हे मला कळतं. तरी ताईचा फोन आला, तर मुलाला घेऊन एकदा येऊन जा.