ऑडलेमच्या तळाशी पडलेला दांडा

मी एक लोखंडी दांडा बोलतोय. इंग्लंडमधल्या ऑडलेम गावच्या कालव्यात, एका लॉकच्या दाराशी, वीतभर चिखलात पडलोय. जागा काही फार चांगली नाही, पण पाणी शांत आहे आणि माझ्याकडे वेळच वेळ आहे.

माझा जन्म इथल्याच लोहाराकडे झाला. त्यानं मला काटकोनात वाकवलं आणि एका टोकाला चौकोनी भोक ठेवलं. कालवा जिथे टेकडी चढतो तिथे पाण्याच्या पायऱ्या असतात, त्यांना लॉक म्हणतात. लॉकच्या दारातल्या झडपेच्या खुंटीवर ते भोक बसवायचं आणि मी गरागरा फिरून झडप वर उचलायची. एक खटका तिला वरच अडवून धरतो, म्हणजे आतलं पाणी चढतं किंवा उतरतं, आणि बोटही त्याच्याबरोबर.

माझी पहिली मालकीण केझाया, कोळशाच्या बोटीवरची. ती मला पाठीमागे कमरपट्ट्यात खोचून हिंडायची. पुढे कोळसा रस्त्यानं जायला लागला आणि मी एका पबच्या भिंतीवर लटकलो. लोक माझ्याकडे बघत बिअर प्यायचे, हात मात्र कुणी लावत नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

तिथून नेस्टानं मला मागून आणलं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, क्लेमंटनं, नुकतीच 'जुनिपर' नावाची लांबलचक, अरुंद बोट घेतली होती. मग सव्वीस उन्हाळे आम्ही रमतगमत हिंडलो. बदकंसुद्धा आमच्या पुढे निघून जायची.

कामाची वाटणी कालव्यावरच्या बहुतेक जोडप्यांची असते तीच. नवरा चहाचा मग घेऊन सुकाणूवर उभा, आणि बायको दांडा घेऊन लॉकवर घाम गाळतेय. वर क्लेमंटच्या सूचना असायच्याच.

"दांडा तिथंच अडकवून ठेवू नकोस गं! खटका सुटला तर उडेल!"

नेस्टानं मला एकदाही तसं ठेवलं नव्हतं. तरी रोज ऐकून घ्यायची.

मग तिचा खांदा गेला. मला तिच्या मुठीवरूनच कळलं होतं, क्लेमंटला बरंच नंतर. आता लॉक कोण उघडणार? दोघांनी जड मनानं बोट विकायचं ठरवलं. मार्केट ड्रेटन गावात गिऱ्हाईक थांबलं होतं, आणि वाटेत ऑडलेमचे पंधरा लॉक होते.

पहिल्याच लॉकवर नेस्टानं मला अर्धा फेरा फिरवला आणि खांदा धरून खाली बसली.

"क्लेमंट, तू ये इकडं. सुकाणू मी धरते."

"तू? अगं, दोन्ही बाजूंना चार बोटं जागा. रंग खरवडशील!"

"विकायचीच आहे ना? मग रंगाचं गिऱ्हाईक बघून घेईल."

तो कुरकुरत उतरला. तिसऱ्या लॉकपर्यंत लालबुंद झाला होता.

"हे एवढं जड असतं?"

"नाही रे, आजच झालंय."

सहाव्या लॉकवर त्यानं झडप उचलली, पाणी उतरू दिलं, दार उघडलं आणि तिथंच बघत उभा राहिला. नेस्टा बोट आत आणत होती. सरळ, संथ, कुठेही न घासता. त्याच्या हातून डावी भिंत हमखास लागायची. तो आ वासून बघत राहिला, आणि मी तिथंच अडकवलेला. खटका नीट बसलाच नव्हता. झडप धाडकन खाली आली, मी भिरभिरलो, उडालो आणि डुबुक!

"क्लेमंट," बोटीवरून नेस्टा म्हणाली, "काय सांगायचास रे मला रोज?"

त्यानं दोरीला लोहचुंबक बांधून तासभर पाणी ढवळलं. सायकलची घंटी निघाली आणि दुसऱ्याच कुणाचे तरी दोन दांडे. मी काही निघालो नाही. त्यातला एक दांडा पुसत तो हळूच म्हणाला, "त्या माणसाला फोन लाव."

"काय सांगू?"

"बोट विकायची नाही म्हणावं. सुकाणूवाली घरातच निघाली."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात 'जुनिपर' माझ्या डोक्यावरून जाते. डावी भिंत लागत नाही. बाबांनो, तुम्हीही चुंबक टाकाल, तर मला सोडून बाकीचं खुशाल काढा. मी इथे सुखात आहे. गेल्याच आठवड्यात वरून क्लेमंटचा आवाज आला, "हळू गं नेस्टा, इथं आपला दांडा आहे."