काचेचं पांघरूण

आमच्या ह्यांनी आयुष्यभर चष्मे विकले आणि चष्म्यांपेक्षा जास्त कोटिंग विकलं. काचेवर चरा पडू नये म्हणून एक, पाणी ठरू नये म्हणून एक, समोरचा दिवा डोळ्यांत घुसू नये म्हणून आणखी एक. गिऱ्हाईक काउंटरला टेकलं की हे काच उजेडाकडे धरायचे, आवाज सायीसारखा मऊ करायचे आणि म्हणायचे, "डोळे काय पुन्हा मिळतात का हो?" गिऱ्हाईक तिथंच विरघळायचं. मी शेजारी बसून बिल करायचे आणि जाताना त्याच्या हातात एक मऊ फडकं ठेवायचे. चष्मा आधी पाण्याखाली धरायचा, मग ह्याच फडक्यानं हलकेच टिपायचा. शर्टाच्या टोकानं पुसलात तर पुढचं तुमचं तुम्ही बघा. एवढं बजावून गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की हे स्वतःचा चष्मा काढायचे, त्यावर 'हा' करून वाफ सोडायचे आणि शर्टाचं टोक बाहेर ओढून खसाखसा पुसायचे.

असा हा माणूस दुकान मुलीच्या हवाली करून घरी बसला, आणि आम्ही गाडी घेतली.

गाडी घ्यायची ती माझ्या ताईसाठी, हे ठरलेलं होतं. ताईचं घर दगडाच्या खाणीपलीकडे. बस खाणीच्या अलीकडेच तोंड फिरवते. पुढे नुसती खडीची वाट, तीही ट्रकांनी उखडलेली. मला गुडघे असते तर चालत गेले असते, आणि ताईला डोळे असते तर ती आली असती. तिची नजर मधोमधून विझत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, चष्मा नाही, आहे तेवढं बघून घ्या. मग एकेक रंग तिच्या अंगणातून उठून गेला. निळा गेला, तो आभाळ घेऊन गेला. हिरवा गेला, तो झाड तिथंच ठेवून नुसता निघून गेला. पिवळा तेवढा रेंगाळत होता, निघता निघता दारात बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा.

म्हणून गाडी पिवळी. ह्यांना पांढरी हवी होती, मी ऐकलं नाही. ताईला फोन करून सांगितलं, रविवारी फाटकात उभी राहा, पिवळं काही हलताना दिसलं की समज, चिमी आली. दर रविवारी येईन. हे शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलावली होती, मी माझ्या धडधाकट डोळ्यांनी बघितली होती.

शोरूममध्ये गाडी ताब्यात घ्यायला गेलो तर चाव्या द्यायच्या आधी आम्हाला आतल्या खोलीत नेलं. तिथं एक तरुण बसला होता, इतका मऊ की मी मनातल्या मनात त्याचं नाव लोणी ठेवलं. लोण्यानं चहा मागवला. रंगवलेल्या पत्र्याचा एक तुकडा काढला. अर्ध्या तुकड्यावर सिरॅमिक कोटिंग, अर्धा उघडा. दोन्हींवर पाणी ओतलं. उघड्यावरचं पाणी फतकल मारून बसलं. कोटिंगवरचं थेंब थेंब होऊन, टपोऱ्या मोत्यांसारखं घरंगळत गेलं. लोण्यानं तो तुकडा उजेडाकडे धरला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "नवा रंग काय पुन्हा मिळतो का हो, सर?"

मला हसू आवरेना. मी ह्यांच्याकडे बघितलं, म्हटलं आता हेही हसतील, लोण्याच्या पाठीवर थाप मारतील, अरे लेका, हा गळ आम्ही टाकायचो म्हणतील. तर ह्यांचे डोळे पाणावलेले.

मी कानाशी लागून म्हटलं, "अहो, हे तर आपलंच वाक्य."

"आपलं काचेबद्दल होतं," हे म्हणाले. "हा रंगाबद्दल बोलतोय."

झालं. गाडी कोटिंगसाठी मागे राहिली आणि आम्ही बसनं घरी आलो. तो रविवार गेला. मग गाडी आली. खोटं कशाला बोलू, दिसत होती सुंदर. सकाळच्या उन्हात तर लिंबाची फोड नुकती कापून ठेवल्यासारखी. पण तिच्यासोबत लोण्याचा उपदेशही घरी आला, आणि तो ह्यांना तोंडपाठ होता. पहिला आठवडा अंगावर पाणी पडता कामा नये. म्हणून दुसरा रविवार ढगात गेला. आभाळात एक ढग होता, तोही जाता जाता डोकावलेला. त्यानंतर कळलं की झाडाखाली उभी करायची नाही, पाखरं घाण करतात. उन्हात उभी करायची नाही, डाग वाळतात. भिंतीशी नको, सायकली टेकतात. मी विचारलं, मग उभी कुठे करायची, मनात? हे म्हणाले, चेष्टा करू नकोस.

मला एक कळेना. पाखरांपासून, उन्हापासून, चऱ्यांपासून वाचवतं म्हणून तर ते कोटिंग घेतलं ना? तर म्हणे, अगं, पण कोटिंगला नको का वाचवायला? पत्र्याला सांभाळायला रंग, रंगाला सांभाळायला कोटिंग, कोटिंगला सांभाळायला कापडी खोळ, आणि खोळ वाऱ्यानं उडू नये म्हणून खिडकीत खुर्ची टाकून बसलेले आमचे हे. लेकीच्या पाळण्याशी हा माणूस इतका बसला नव्हता.

अखेर एका रविवारी निघालो. डांबरी रस्त्यावर गाडी कशी, तुपातून सुरी. खाणीपाशी डांबर संपलं, खडी सुरू झाली, आणि समोरून एक ट्रक उड्या मारत गेला. त्याच्या चाकाखालून खडा उडाला तो आमच्यापासून चांगला लांब पडला. ह्यांनी ब्रेक मारला. तिथूनच लोण्याला फोन लावला. खडा लागला तर कोटिंग वाचवेल ना? लोणी पलीकडून हळहळला. सर, म्हणाला, बारीक चरे, डाग, चकाकी, ह्यांची पाच वर्षं काळजी नको. खड्याचं मात्र कोणी सांगू शकत नाही, खडा तो खडा. ह्यांनी फोन ठेवला आणि गाडी मागे घेतली. तिथून ताईचं फाटक दिसत होतं. फाटकात कोणीतरी उभंही होतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ओरडली नाही, रुसली नाही. लहानपणापासून तिला रागवता येत नाही, गाणं करता येतं. तिच्या त्या हलक्या, झोक्यावरच्या आवाजात तिनं मला ऐकवलं,

बहिणीला भेटायला
गाडी निघाली साजरी,
खडा दिसला वाटेत,
गाडी परतली घरी.

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र ह्यांना ती ओवी जशीच्या तशी ऐकवली.

हे म्हणत होते, वाट दुरुस्त होणार आहे, जरा दम धर. वाट दुरुस्त होणार हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. नंतरच्या रविवारी ह्यांनी गाडी धुतली. दोन बादल्या, दोन प्रकारची फडकी, एक टायरांसाठीचा ब्रश. जी गाडी कुठे गेलीच नाही, तिच्यावरची धूळ कुठून आली ते देवाला ठाऊक. पाणी मोत्यांसारखं ओघळत होतं आणि हे शेजाऱ्यांना हाका मारमारून ते मोती दाखवत होते. "बघा, थेंब ठरत नाही." खरंच ठरत नव्हता. आमच्याकडे ठरत होती फक्त गाडी.

आणि मग त्या मंगळवारी ताईनं फोनवर, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, भाजीत मीठ कमी पडलं होतं ह्या सुरात सांगितलं, "चिमे, आता पिवळंही मळायला लागलंय गं. काल झेंडू हातात घेतला, तर वासावरून कळला."

त्यावर ओवी नव्हती.

मी डबा भरला. खाली उतरले, खोळ काढली, घडी घातली. गाडीत जाऊन बसले, सीटवरचं प्लास्टिकही अजून तसंच होतं, ते कुरकुरलं. डबा मांडीवर घेतला. हे धावत आले. अगं, आज मंगळवार. मी म्हटलं, असू दे. वाटेवर ट्रक असतात मंगळवारी. म्हटलं, असू देत. मग काचेला हात न लावता, काचेजवळ तोंड आणून ह्यांनी समजावायला सुरुवात केली. मी समोर बघत बसले. शेवटी एवढंच म्हटलं, "तुम्हीच म्हणायचात ना, डोळे काय पुन्हा मिळतात का? मला अजून काही विचारायचं नाही."

ह्यांनी स्टिअरिंग धरलं. बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. मग केली.

खडीवर आम्ही अशा वेगानं गेलो की एक सायकलवाला मागून आला, पुढे गेला, आणि वळून काही बिघडलंय का म्हणून विचारून गेला. ट्रक आले तसे गेले. प्रत्येक ट्रक धुळीचा डोंगर अंगावर ओतून जायचा. मध्येच बॉनेटवर 'टक्' झालं. ह्यांच्या तोंडून असा आवाज आला, जसं इंजेक्शनच टोचलं. मी बघितलं नाही. बघितलं असतं तर कीव आली असती, आणि कीव करायचा तो दिवस नव्हता.

ताई फाटकातच होती. निघताना मी तिच्या सुनेला कळवलं होतं, तिनं सांगितलं असणार. एक हात गजावर, दुसरा कपाळाशी, अंगात करडा स्वेटर. गाडी तिच्यासमोर चार हातांवर थांबली. मी दार उघडलं, तरी ती माझ्या डोक्यावरून वाटेकडेच बघत होती.

"चिमे?" ती म्हणाली. "आवाज आला गाडीचा. पण पिवळं काही आलं नाही गं."

उशीर केला आपण, एवढंच मनात आलं. मग मी मागे वळून गाडीकडे बघितलं. ताईचं काही चुकलं नव्हतं. पिवळं काही आलंच नव्हतं. खाणीच्या धुळीनं गाडी टपापासून चाकांपर्यंत राखाडी करून ठेवली होती, दगडातूनच कोरून काढल्यासारखी. पाच वर्षांची चकाकी त्या धुळीखाली सुरक्षित होती, अगदी कोणाच्या नजरेसही पडणार नाही इतकी.

"धूळ आहे ताई," मी म्हटलं. "खाली आहे पिवळं."

ताई गज सोडून पुढे आली. बॉनेट हाताला लागल्यावर तिनं स्वेटरची बाही ओढून मुठीत धरली.

"ताई, थांबा," हे म्हणाले, आणि ओठांवर सगळं आलं असणार, आधी पाणी, मग लोण्यानं दिलेलं ते खास फडकं, कोरडं घासायचं नाही. फडकं घरी राहिलं होतं, पाकिटात, न उघडलेलं.

ताईनं बाही फिरवली. खडीचा बारीक चुरा बाहीखाली कचकचला. मला तो ऐकू आला, म्हणजे ह्यांना तर आणखीनच आला असणार. पुन्हा फिरवली. राखेतून एक पट्टा उघडा पडला, भाकरीएवढा रुंद. ताईनं मान तिरकी केली, कोपऱ्यात उरलेल्या नजरेला ऊन दिलं, आणि तशीच वाकून राहिली.

"आहे," ती म्हणाली. "आहे गं. पिवळी आहे."

हे त्या पट्ट्याकडे बघत होते, त्यातल्या बारीक रेघांकडे, शेजारी खड्यानं उडवलेल्या टिकलीएवढ्या रंगाकडे, आणि मग ताईच्या वाकलेल्या मानेकडे. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"चष्मेवाले," ताई तशीच वाकून म्हणाली, "एवढीच आहे का तुमची गाडी? हातभर?"

"नाही ताई," हे म्हणाले. आवाज काउंटरवरचा नव्हता. "दाराकडून बघा. तिकडे ऊन चांगलं पडलंय."

ते दारापाशी गेले. तोंड जवळ नेलं, 'हा' करून वाफ सोडली, आणि शर्टाचं टोक बाहेर ओढलं.